एकोणीस दिवस शंभर टक्के

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (मागच्या पत्रात मी ‘कोपरापासून नमस्कार’ लिहिलं होतं आणि तू ते भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलंस, असं कळलं. तो नमस्कार रद्द समजावा.) तुझी पाठ आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून ते डॉक्टरांनाच उलट औषधं सुचवतात? इकडे मी ठीक आहे. तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचं कारण या पत्रातच आहे, तेव्हा त्यासाठी वेगळी क्षमा मागत नाही.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. आईची तब्येत कशी आहे आणि माझी नोकरी कायम झाली का. पहिलीचं उत्तर असं, की आईची तब्येत फार चांगली आहे. इतकी चांगली, की माझी नोकरी जायची वेळ आली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे जरा लांबलचक होणार आहे. ठरल्याप्रमाणे तिचे माझ्याकडचे सहा महिने शनिवारी पुरे होतात आणि रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस, त्याआधी सगळं तुझ्या कानावर घातलेलं बरं. नाहीतर गाडीत तिच्या तोंडून ऐकशील, आणि तिच्या गोष्टीत मी नेहमीच सात वर्षांचा असतो.

माझं काम काय आहे हे तुला मी तीनदा सांगितलं आहे आणि तीनही वेळा तू मध्येच गॅस बंद करायला उठून गेलीस. आता लिहून देतो. आमच्या दोन खोल्यांसमोर कुंपण घातलेलं मैदान आहे. त्यात चार उंच पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे, तिच्या भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. (गल्लीतली माणसं तिला कबुतरांची पेटी समजतात. एका गृहस्थांनी मला जोडी कितीला देता असंही विचारलं होतं.) पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात. एक उघडा, त्याला आम्ही कोरडा म्हणतो. दुसऱ्याच्या खालच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते आणि तिचं शेपूट खालच्या वाटीतल्या पाण्यात सोडलेलं असतं. तो ओला. चिंधीतलं पाणी उडून जाताना फुगा गार पडतो, तू ओल्या केसांनी पंख्याखाली बसलीस की डोकं गार पडतं तसा. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि ओला कोरड्यापेक्षा पुष्कळ खाली येतो. हवा दमट असेल तर थोडासाच येतो. दोघांतलं अंतर घ्यायचं, तक्त्यात बघायचं, की हवेत किती टक्के दमटपणा आहे ते कळतं. आणि दोघं अगदी सारखेच आकडे दाखवू लागले तर? तर हवा पाण्याने काठोकाठ भरली आहे, शंभर टक्के. एवढंच माझं शास्त्र आहे. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला हे आकडे वहीत लिहून मुख्य कचेरीला फोनवर सांगायचे, की काम संपलं. एवढ्याशा कामाला पगार कसा देतात हा भावोजींचा प्रश्न मला माहीत आहे. आता त्यांना उत्तरही मिळेल.

आई आल्याच्या दुसऱ्या दिवशीच तिने पेटी उघडून बघितली. तिचं पहिलं मत असं पडलं, की दोघांतल्या एकालाच पट्टी का बांधली आहे, तापमापकालाच ताप आला आहे का? मी तिला वर लिहिलं तेवढं सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तू तिला ओळखतेस, ती शांतपणे ऐकते तेव्हा तिचं लक्ष तुझ्या शर्टाच्या कॉलरकडे असतं. तिला त्यातलं एकच कळलं, की सरकारी पेटीत एक मळकी चिंधी लोंबकळते आहे आणि तिचा मुलगा ती रोज बघतो आणि त्याला लाज वाटत नाही. पाच महिने तिने हे सहन केलं. मग एका दुपारी मी बाहेर गेलो असताना तिने ती चिंधी सोडवली.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुला क्रमानेच सांगतो. तिने चिंधी साबणाने धुतली. मग तिला खळ दिली. (होय, स्टार्च. बाबांच्या शर्टांना द्यायची तोच.) मग इस्त्री केली. कडा विसकटल्या होत्या त्या दुमडून बारीक टाके घातले. पाण्यात लोंबणारं शेपूट तिला फारच गबाळं वाटलं, ते कापून टाकलं. मग चिंधी पुन्हा फुग्याला गुंडाळून वर छानपैकी गाठ मारली, भेटवस्तूला मारतात तशी फुलाची. आणि वाटीत डास होतील म्हणून तिच्यावर बाटलीचं झाकण ठेवलं. म्हणजे बघ, जगात ओला तापमापक कोरडा करायचे जेवढे मार्ग आहेत तेवढे सगळे तिने एका दुपारी वापरले आणि हात धुऊन चहा ठेवला.

तू म्हणशील तुझे डोळे कुठे होते? डोळे जागेवरच होते. पण मला आकडे बघायची सवय आहे, आणि आकडे डोळ्यांच्या पातळीवर असतात, चिंधी त्यांच्या खाली असते. तू रोज घड्याळ बघतेस, काट्यांच्या मागे कंपनीचं नाव काय लिहिलं आहे सांग पाहू. वाटीतलं पाणी कमी होत नाही हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं. मला त्याचा आनंद झाला होता. एरवी दर दोन दिवसांनी शुद्ध पाणी आणायला बॅटरीवाल्याच्या दुकानापर्यंत जावं लागतं. मी मनातल्या मनात वाटीचं कौतुक केलं.

आता कोरड्याला पट्टी बांधली तरी तो कोरडाच. दोन्ही तापमापक जुळ्या भावांसारखे एकच आकडा सांगू लागले. पहिल्या दिवशी मी शंभर टक्के असं कळवलं तेव्हा कचेरीतल्या फोनबाईंनी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी एकदा. आठव्या दिवशी त्या स्वतःच शंभर ना, असं म्हणून मोकळ्या झाल्या. हे सगळं भर उन्हाळ्यात, ताई, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. माझे ओठ फुटले होते, मैदानातलं गवत पायाखाली पापुद्र्यासारखं मोडत होतं, तरी मला शंका आली नाही. आपलीच फुटकी कातडी आणि सरकारी तापमापक यांत खरं कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. नोकरी कायम व्हायची होती ना, म्हणून मी फार काळजीपूर्वक वाचत होतो. चुकीचा आकडा मी दशांशापर्यंत अचूक कळवला.

पाचव्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं. ‘हवा पूर्ण दमट, नागरिक घामाघूम.’ तोपर्यंत नागरिक ठीक होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना घाम येऊ लागला. शेजारचे निवृत्त हेडमास्तर दर दोन मिनिटांनी रुमालाने कोरडं कपाळ पुसत. कोपऱ्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गुडघे धरून आलेल्यांची रांग फुटपाथवर आली. सुताराने हेडमास्तरांचं कपाट आठ दिवस पुढे ढकललं, या हवेत लाकूड फुगतं म्हणाला. न्हाव्याने माझे केस वेडेवाकडे कापले आणि दोष दमटपणाला दिला. मी काय बोलणार, दमटपणा माझाच होता. खरं सांगतो, तो मथळा वाचल्यावर मलासुद्धा पाठीवरून घामाचा ओघळ गेल्यासारखं वाटलं.

पण या सगळ्यांत मोठी चूक केली ती इस्त्रीवाल्याने. त्याने आईच्या चार चादरी पाच दिवस अडकवून ठेवल्या आणि वर तिला ऐकवलं, की आजी, पेपर वाचत नाही का, हवा ओली आहे, कपडे वाळणार कसे? आईला तू आळशी म्हण, चालेल. (कुणी म्हणत नाही ती गोष्ट वेगळी.) पण कपडे वाळण्याबद्दल तिला शिकवायचं नाही. ती गाठोड्यात बांधून ठेवलेल्या चादरी ओल्याच उचलून घेऊन आली, दोरीवर टाकल्या आणि भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन समोर बसली. सव्वीस मिनिटांत चादर पापडासारखी कडक. तिने कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलं, ‘चादर २६ मि.’ दुसऱ्या दिवशी ‘चादर २५, टॉवेल ४१.’ इस्त्रीवाल्याच्या तोंडावर पुरावा फेकायचा म्हणून रोज एक चादर धुवायची, घड्याळ लावायचं, लिहायचं. धुतलेली चादर पुन्हा धुवायची, कारण मळलेल्या चादरी संपल्या होत्या.

मला तिने दोनदा सांगितलं, की अरे तुझी हवा ओली आणि माझी चादर अर्ध्या तासाच्या आत वाळते, याचा काहीतरी विचार कर. मी म्हटलं, आई, हे शास्त्र आहे. ताई, हे वाक्य मी कुठल्या सुरात म्हटलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. ती फक्त बरं म्हणाली आणि दोरीकडे गेली.

एकोणिसाव्या दिवशी तपासनीस साहेब आले. मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं, आणि ते महिनाअखेरीस येणार होते. लवकर आले, कारण नकाशावर चहूबाजूंनी कोरडं रान आणि मध्ये आमचा एक चिंब ठिपका असा एकोणीस दिवस दिसत होता आणि कचेरीत कुणाला चैन पडत नव्हतं. हडकुळा, हळू बोलणारा माणूस. आल्या आल्या ते चार ग्लास पाणी प्यायले आणि फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवत त्यांनी मला विचारलं, की हवा दमट आहे म्हणता? मी वहीतले आकडे दाखवले. ते मैदानात गेले आणि पेटीचं दार उघडलं.

ताई, त्या क्षणापर्यंत एकोणीस दिवसांत मी जे बघितलं नव्हतं ते मला त्यांच्या खांद्यावरून एका नजरेत दिसलं. इस्त्रीची घडी, बारीक टाके, फुलाची गाठ, झाकण. साहेबांनी बोट लावून बघितलं. चिंधी खडखडली. त्यांनी हे काय आहे असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत दारातून आईने अभिमानाने सांगितलं, “खळ दिलीय. आता वर्षभर बघायला नको!”

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी मुंग्या लागलेल्या वाती (चिंधीला कचेरीत वात म्हणतात) बघितल्या होत्या, खारीने पळवलेल्या बघितल्या होत्या, एका निरीक्षकाने शुद्ध पाण्याऐवजी सोडा घातलेला बघितला होता. इस्त्री पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. ते म्हणजे एका लाकडी चौकटीत तेच दोन तापमापक, ओला आणि कोरडा, आणि खाली मूठ. मूठ धरून चौकट डोक्याजवळ गरगर फिरवायची. मैदानाच्या मधोमध उभे राहून साहेब सरकारी खुळखुळा फिरवू लागले आणि गल्लीतली माणसं कुंपणापाशी जमली. (कबुतरं बोलावताहेत, असं कुणीतरी म्हणालं.) कोरडा अडतीस, ओला वीस. तक्ता बघितला. सतरा टक्के. मी शंभर सांगत होतो, ताई, आणि होते सतरा.

एकोणीस दिवस, दोन वेळा, अडतीस नोंदी. त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून लाल शाईने एकेक नोंद खोडायला घेतली. मी समोर उभा. मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहितो, हसू नकोस. ही माझी तिसरी नोकरी आहे. पहिली मी सोडली, दुसरीने मला सोडलं. ही मला आवडते. पहाटे कुंपणावर दव दिसलं की मला आधी आकडा आठवतो आणि मग दव. ही गेली तर मी पुन्हा तुझ्या बाहेरच्या खोलीत येऊन भावोजींच्या खोकल्याचे तास मोजत बसणार. रडू येईल असं वाटलं. आलं नाही, हवा फारच कोरडी होती.

आईला एवढं कळलं, की आपल्या हातून काहीतरी मोडलं आहे आणि मुलगा शिक्षा झाल्यासारखा उभा आहे. ती आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून घेऊन आली. साहेबांसमोर ठेवलं आणि म्हणाली, “माझी चूक झाली. पण हवा कोरडी होती हे मी लिहून ठेवलंय बघा. याचं ऐकलं असतं तर मीही फसले असते.” (‘याचं’ म्हणजे माझं.)

साहेबांनी लाल पेन खाली ठेवलं. नऊ दिवसांचे चौकोन त्यांनी एकेक करून वाचले. मग त्यांनी विचारलं, की एक चादर मिळेल का? आईने दिली. ती त्यांच्यादेखत भिजवली, पिळली, दोरीवर टाकली. एका हाताने साहेब खुळखुळा फिरवताहेत, दुसऱ्या हातात घड्याळ, शेजारी आई चादरीचा कोपरा चिमटीत धरून उभी, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव. पंचवीस मिनिटं. त्यानंतर दोघं पाऊण तास चादरींबद्दल बोलत होते. जाड सूत, पातळ सूत, वारा कुठून आहे, पिळताना किती पिळली. मला कुणी काही विचारलं नाही. मी चहा केला.

अडतीस नोंदी संशयास्पद म्हणून रद्द झाल्या. चादर पुरावा म्हणून लावता येत नाही, तसा रकाना नाही. पण शेरा असा आहे, अक्षरशः उतरवून देतो, ‘वात बदलली. निरीक्षकाने आकड्यांबरोबर हवेकडेही लक्ष द्यावे. सकाळच्या नोंदी अत्यंत सुवाच्य, वक्तशीर व काटेकोर आहेत, संध्याकाळच्या साधारण. सकाळच्या नोंदी पुढील सहा महिने अशाच राहिल्यास कायम करण्यास हरकत नाही.’ सकाळ आणि संध्याकाळ यांत एवढा फरक का, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सकाळी हात ताजा असतो. जाताना ते आईच्या पाया पडले. मला फक्त मान हलवून दाखवली.

तर अशी सगळी हकीकत आहे. नोकरी वाचली. इस्त्रीवाल्याला आईने कॅलेंडर नेऊन दाखवलं, तो आता तिला डॉक्टरीणबाई म्हणतो. भावोजींना नमस्कार. मुलांना सांग, मामाचं यंत्र बरं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. – रविवारचं एक विचारायचं राहिलं. आईला आत्ताच न्यायलाच हवं का? एवढा प्रवास, तिचे गुडघे, त्यात ही हवा. आणखी सहा महिने तिला इथेच राहू द्यावं असं मला वाटतं. माझ्या काही सोयीसाठी म्हणत नाही.

ता. क. दुसरा – वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. सकाळच्या नोंदी आई करते. ती आली त्या आठवड्यात मला ताप होता, तेव्हा एक दिवस तिने आकडे वाचले. दुसऱ्या दिवशी मी बरा होतो, पण झोपलो होतो. तिसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी कॅलेंडर आणि वही शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती, आणि आईचा सात कसा असतो ते तुला माहीत आहे, शेपटाला गोल वळण देऊन. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. तेव्हा ‘पुढील सहा महिने’ म्हणजे काय ते तुझ्या लक्षात आलं असेल. भावोजींना हे वाचून दाखवू नकोस.

ता. क. तिसरा – पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मला उठता येतं, ताई. हल्ली आठला आपोआप जाग येते. मी डोळे मिटून पडून राहतो. आई केस विंचरते, धुतलेली साडी नेसते (मैदानात बघायला कुणी नसतं), चष्मा पुसते आणि वही घेऊन जाते. मग फोन लावते. कोरडा एकतीस पूर्णांक दोन, ओला अठरा पूर्णांक चार. आवाज असा, की तू ओळखणार नाहीस. तिकडून फोनबाई म्हणतात, तुमचीच वाट बघत होते. बाबा गेल्यापासून आपण दोघं तिला आराम कर, आराम कर असंच सांगत आलो आहोत. रविवारी तू ये, नक्की ये. पण नऊनंतर ये. त्याआधी तिला वेळ नसतो.